पाचही पाती मोजता येतात

दादा, आज सकाळी सव्वाआठला तुझ्या घरावरून वायुसेनेचं एएन-३२ विमान गेलं. हॉलमध्ये दहा-बारा माणसं बसली होती, भेटायला आलेली, आणि एकानंही मान वर केली नाही. खिडकीच्या काचा थरथरल्या, ट्रेमधले पेले एकमेकांना लागून वाजले, आणि ग्वाल्हेरहून आलेला आपला आतेभाऊ म्हणाला, "बाहेर कुणीतरी ट्रक लावलाय वाटतं." ट्रक! मी चहाचा ट्रे तसाच टेबलावर टेकवला आणि अनवाणी अंगणात धावले. होतं अजून. कोलार रोडच्या त्या सगळ्या टाक्या, वायरी आणि वाळत घातलेल्या चादरी यांच्या वर, आपले दोन पंखे फिरवत, जडसं, शांत, वायव्येला निघालेलं. तेवढं मोठं लोखंड हवेत कसं राहतं हे मला सदुसष्टाव्या वर्षीही कळलेलं नाही. मी सवयीनं मोठ्यानं म्हणाले, "एएन-३२, वायव्य, उंची कमी." मागून "लिही" असं कुणी म्हणालं नाही.

आज तुला जाऊन अकरा दिवस झाले.

मंदारनं, तुझ्या लेकानं, मला सांगितलंय, आत्या, तेराव्याला वाचायला बाबांवर दोन शब्द लिही. म्हणजे त्याला हवंय ते मी लिहू शकते. मनमिळाऊ होते, मितभाषी होते, सर्वांच्या अडीअडचणीला धावून जात. मनमिळाऊ! तू! माझ्या शाळेतल्या निरोपसमारंभाला तू आला नाहीस, कारण त्या दुपारी चिनूक हेलिकॉप्टर येणार अशी तुला कुठूनशी खबर लागली होती. चौतीस वर्षं गणित शिकवून मी निवृत्त होतेय, सगळा स्टाफ विचारतोय भाऊ कुठे आहेत, आणि भाऊ मनुआभानच्या टेकडीवर मान वर करून उभे. त्यावर मी सात महिने तुझ्याशी बोलले नव्हते. चिनूक आलंही नव्हतं त्या दिवशी, हे मला वहिनींकडून कळलं, आणि खरं सांगते, मला फार बरं वाटलं होतं.

तर ते दोन शब्द मंदारच लिहील. हे मी तुला लिहितेय.

सगळं ग्वाल्हेरच्या गच्चीवर सुरू झालं. आई कुरडया घालायची आणि आपल्याला राखणीला बसवायची. मी सहा वर्षांची असेन. विमानतळ फार लांब नव्हता, आणि दुपारी कधीतरी आकाश फाटल्यासारखा आवाज यायचा. मी किंचाळायचे. तू माझ्यामागे गुडघ्यांवर बसून दोन्ही तळव्यांनी माझे कान गच्च दाबायचास. तुझे स्वतःचे कान उघडेच. तू तो आवाज सगळाच्या सगळा ऐकायचास, आणि मला मान वळवून दाखवायचास: "तिकडं नको बघू निमे. आवाज येतोय तिथं ते नसतंच. ते पुढं गेलेलं असतं. पुढं बघ." आणि खरंच, आवाजाच्या कितीतरी पुढं, एक चकाकता ठिपका. तो ठिपका आणि हा आवाज एकाच वस्तूचे आहेत यावर माझा विश्वास बसायचा नाही. आजही बसत नाही, पण तेव्हा मला वाटायचं ते तूच करतोयस.

मग तू भोपाळला बांधकाम खात्यात ड्राफ्ट्समन झालास, मीही इथंच शिक्षिका झाले, आणि विमानं मागे पडली असं मला वाटलं. शिवाजी नगरच्या तुझ्या क्वार्टरमध्ये नकाशे असायचे. पट्टी न लावता तू दोन हात लांब रेघ ओढायचास, आणि मी माझी शाळेतली पट्टी लावून तपासायचे, कारण मला तुला खोटं पाडायचं असायचं. एकदाही सापडला नाहीस. तुझ्या ऑफिसातले लोक म्हणायचे, "साहब का हाथ है कि मशीन." तू त्यावर काही बोलायचा नाहीस, पण त्या दिवशी वहिनींकडे दुसऱ्यांदा भात मागायचास. मला सगळं ठाऊक आहे.

निवृत्त झाल्यावर तू कॅमेरा घेतलास. वहिनींना वाटलं आता नातवाचे फोटो निघतील. नातवाचा एक फोटो नाही! भोपाळमध्ये राहून लढाऊ विमानांचे फोटो काढण्याचा छंद लावून घेणं म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला कळायचं नाही. इथं वायुसेनेचा मोठा तळ नाही. येतं कधीतरी एखादं मालवाहू विमान, कुणी मोठा माणूस येणार असला की हेलिकॉप्टरं, आणि फार फार उंचावरून ग्वाल्हेरकडून येणारी पांढरी रेघ. तू आठवड्यातून चार सकाळी उभा राहायचास आणि त्यांतल्या तीन रिकाम्या जायच्या. सात महिन्यांचा माझा रुसवा संपला, तेव्हा मी तुला म्हटलं होतं, चल, मी येते, बघू तरी कशासाठी माझा समारंभ सोडलास. भांडायलाच आले होते. स्कूटी माझी, मागे तू, तुझ्या मांडीवर कॅमेऱ्याची ती बोचकी. सहा वर्षं आलो असे.

पहिल्याच आठवड्यात मला तुझे कायदे कळले. विमानतळाकडे, जमिनीवर उभ्या असलेल्या कशाकडेही कॅमेरा वळवायचा नाही. जे उडतंय तेवढंच आपलं, बाकी सगळं देशाचं. कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर तिथं उभं राहून फोटो बघायचे नाहीत, घरी जाऊन कॉम्प्युटरवरच बघायचे, तू म्हणायचास, "इथं खाली बघत बसलो तर वरचं जाईल." आणि प्रत्येक वेळी वहीत नोंद. मी दुर्बीण धरायची, दिशा आणि जात सांगायची, मग तू सांगशील ते लिहायचं: वेळ, ऊन कुठून, वारा, आणि शटरचा आकडा. गणिताच्या बाईला आकडे लिहायला मिळाले म्हणून मी खूश. कॅमेऱ्यातलं मला बाकी काही कळत नव्हतं, आणि कळून घ्यायचंही नव्हतं.

तो हवालदार आठवतो ना? व्हीआयपी रोडवर, तलावाच्या कठड्याशी. मोटरसायकल लावून आला तरातरा. "अंकल, ये तोप किसलिए लगाई है? क्या खींच रहे हो?" मी दुर्बीण पाठीमागे लपवली. तू अगदी थंडपणे म्हणालास, "जो उड़ रहा है उसको देख रहे हैं भैया. ज़मीन वाले को नहीं." तो म्हणाला, "उड़ क्या रहा है? कुछ भी तो नहीं उड़ रहा." तू घड्याळ बघितलंस. "दस मिनट रुको." आणि बाई गं, आठव्या मिनिटाला आलं! चार इंजिनांचं ते करड्या रंगाचं धूड श्यामला हिल्सच्या वरून इतकं हळू आलं की आत्ता थांबेल असं वाटावं. तू कॅमेरा स्वतःच्या डोळ्याला लावलाच नाहीस. त्या हवालदाराला पुढं ओढलंस, कॅमेरा त्याच्यासमोर धरलास आणि डोळा लावायला सांगितलंस. विमान दिसेनासं होईस्तोवर त्यानं डोळा काढला नाही. मग टोपी काढून म्हणाला, "अंकल, ये तो अपना है?" "अपना है," तू म्हणालास. त्यानंतर तो दिसला की लांबूनच विचारायचा, "अंकल, आज कुछ है?"

आपलं एक भांडण राहिलंय ते आधी काढते. पंख्याचं.

तुझा हट्ट होता की पंख्याचं विमान असो की हेलिकॉप्टर, शटर एकशे पंचवीसवरच पाहिजे. सेकंदाचा एकशे पंचविसावा भाग. तेवढ्या वेळात पातं थोडं फिरतं आणि फोटोत पंखा फिरताना दिसतो. पण मग धावत्या विमानाबरोबर कॅमेरा अगदी त्याच वेगानं फिरवत न्यावा लागतो, हात जरा हलला की सगळंच पुसलेलं. मी म्हणायचे, "लोक हजारावर काढतात दादा, बघ कसं स्वच्छ येतं."

"लोक काढोत. हजारावर पंखा थांबतो. हवेत पंखा थांबला की काय होतं?"

"विमान पडतं."

"मग पडणाऱ्या विमानाचा फोटो काढू मी?"

"अरे फोटोत सगळंच थांबलेलं असतं! माणसाचा फोटो काढतोस तेव्हा त्याचं हृदय थांबलेलं दाखवतोस का?"

"माणसांचे फोटो मी काढतच नाही," म्हणालास, आणि वर चष्मा पुसायला लागलास, जिंकल्यासारखा. यावर बोलायला माझ्याकडे आजही खूप आहे. पण तुझे त्या काळचे फोटो मी पाहिले आहेत. एएन-३२चा एकेक खिळा दिसतोय आणि पंख्याच्या जागी गरगरीत गोल, त्यातून मागचे ढग दिसताहेत. मी मुकाट्यानं बघत बसायचे. पट्टीशिवाय ओढलेल्या रेघेसारखा हात होता तो, एवढंच मला कळायचं.

मग हात हलायला लागला. आधी फक्त चहाच्या कपाशी, मग बटणांशी. डॉक्टरांनी कंपवात म्हटलं. दुसऱ्या दिवशी साडेसहाला तू दारात तयार. "चल. आज वारा चांगला आहे." कमाल आहे बाबा तुझी, असं मी तेव्हा म्हटलं नाही. म्हणाले, "स्वेटर घाल."

तेव्हापासून रोज घरी जाऊन तू फोटो उघडायचास आणि रोज सगळे पुसून टाकायचास. वहिनींचा फोन यायचा, "निमाताई, आज पण जेवले नाहीत नीट." मी म्हणाले, दादा, हजारावर काढ, आता तरी. तू ऐकून न ऐकल्यासारखं केलंस. मी म्हणाले, कॅमेरा तिपाईवर बसव. तू म्हणालास, "तिपाई उभ्या वस्तूंसाठी असते." मला संताप यायचा. आणि मला भीती वाटायची. एक दिवस तू कॅमेरा कपाटात ठेवशील, आणि मग तुझ्यात उरेल काय, याची.

म्हणून मी ते केलं.

थंडीची सकाळ होती, तलावावर धुकं उतरलेलं. तीन हेलिकॉप्टरं येणार हे तुला आदल्या दिवशी कळलं होतं. आवाज यायला लागला, लांबून, पोटात आधी आणि कानात नंतर. तू चष्मा पुसायला कॅमेरा माझ्या हातात दिलास. चार वर्षं तुझ्या अंगठ्याखाली शटरचं ते चाक फिरताना मी बघितलं होतं. मी ते फिरवलं. खट खट खट, एक हजार येईस्तोवर. मग कॅमेरा तुला परत दिला.

ती तीन धुक्यातून बाहेर आली, इतकी खाली की पाण्यावर वर्तुळं दाबली गेली आणि कडेचे बगळे एकदम उठले. छाती आतून कुणीतरी बडवतंय असं वाटत होतं. असं दृश्य पुन्हा दिसायचं नाही, आणि मी ते पाहिलंच नाही. मी तुझ्या हातांकडे बघत होते. ते थरथरत होते आणि तू त्यांना थरथरत्या अवस्थेतच वळवत नेत होतास, कोपर बरगडीला घट्ट दाबून, ओठ दाताखाली धरून. सगळं गेलं, शांत झालं, आणि तू म्हणालास, "लिही. सात बावीस. ऊन पूर्व, वारा नाही. एकशे पंचवीस."

मी लिहिलं. एकशे पंचवीस. जन्मभर मुलांच्या वह्यांतले चुकीचे आकडे लाल शाईनं गोल केले, आणि हा मी माझ्या हातानं, माझ्या चांगल्या अक्षरात लिहिला. मग "दे, मी भरते पिशवीत" म्हणून कॅमेरा घेतला आणि चाक होतं तिथं परत नेऊन ठेवलं. मला वाटलं झालं. कुणाला कळणार?

दुसऱ्या दिवशी तुझा फोन आला. "निमे, एक आलाय."

"बरा आलाय?"

"साफ आलाय. पाचही पाती मोजता येतात."

बस, एवढंच. मी फोन ठेवून रडले. मला वाटलं तुला आनंदानं बोलवत नाहीये. मंदारनं तो फोटो घरच्या ग्रुपवर टाकला, पुण्यापासून इंदूरपर्यंत सगळ्यांनी वा वा केलं, दादाचा हात अजून तसाच आहे म्हणाले. तू कुणाला धन्यवाद लिहिले नाहीस. तू तसाही कधी लिहायचा नाहीस. मी स्वतःवर इतकी खूश होते की मला दुसरं काही दिसलंच नाही. त्यानंतर तू चष्मा पुसायचा असला तरी कॅमेरा गळ्यातच ठेवायचास, माझ्या हातात कधी दिला नाहीस. मला वाटलं, हात हलतात म्हणून जास्त जपतोय. आणि फोटो तसेच, सगळेच्या सगळे हललेले, आणि तू ते पुसणं मात्र बंद केलं होतंस. मला वाटलं, चला, एक चांगला आला, समाधान झालं.

मग तो दिवस. तलावावर वायुसेनेच्या विमानांच्या कसरती होणार म्हणजे अख्खं भोपाळ लोटणार. पोरं झाडांवर, बायका डब्यांसकट कठड्यांवर, कुणी गच्चीवर खुर्च्या लावून. तू म्हणालास गर्दी आपली नाही, आणि आपण त्याआधी सरावाच्या दिवशी सकाळीच गेलो, वन विहारच्या बाजूला. ऊन नुकतं पाण्यावर आलं होतं. तू मला म्हणालास, "आज वही नको." मी ती परत डिकीत टाकली. आणि मग ती दोन आली. कुठून आली मला माहीत नाही. आकाश रिकामं होतं आणि पुढच्या क्षणी ती तिथं होती, पाण्याच्या वर, काळी, टोकदार, आवाजाशिवाय. आवाजाशिवाय, दादा! तेवढ्या एका क्षणात संपूर्ण तलाव गप्प होता. आणि मला कळलं की आता मागून तो येणार, आणि मी सहा वर्षांची असल्यासारखी गोठले, आणि तेवढ्यात माझ्या दोन्ही कानांवर तुझे तळवे आले. तुझे ते थरथरणारे हात. मग आवाज आला, जमीन हलली, आणि त्या सगळ्या गडगडाटात मला फक्त तुझी बोटं ऐकू येत होती, माझ्या कानांवर टकटक टकटक. विमानं सरळ वर चढली. शेपटीतून जाळ निघत होता, आणि ती चढतच गेली, चढतच गेली, मान दुखेपर्यंत. तू एकही फोटो काढला नव्हतास. तुझे कान उघडे होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तू म्हणालास, "बघ."

इतकं मोठं काही मी कधी पाहिलं नव्हतं. मी देवळात जाते, हात जोडते, पण माझे गुडघे असे कधी वाकले नाहीत.

परत निघताना स्कूटीशी तू थांबलास. म्हणालास, "निमे, तुला मला काही सांगायचंय का?"

मी हेल्मेटचा पट्टा लावत होते.  सांगायला हवं होतं, तेव्हाच, त्या उन्हात. "काय सांगायचंय? भूक लागलीय, पोहे खाऊ चल," मी म्हणाले. तू म्हणालास, "चल." आणि मागे बसलास. पोह्यांच्या ठेल्यावर तू दोनदा शेव मागितलीस. माझ्या मनात आलं, बरं झालं नाही सांगितलं. इतका छान दिवस गेला.

आता काल काय झालं ते.

वहिनी तुझे स्वेटर घडी करत होत्या. म्हणाल्या, "निमाताई, तेराव्याला ह्यांच्या तसबिरीशेजारी तो हेलिकॉप्टरचा फोटो मोठा करून लावू या. सगळ्यांना तोच आवडलाय." मी हातातला स्वेटर पुन्हा उलगडला. त्या म्हणाल्या, "का हो? नको?" आणि मग मला राहवेना. मी सगळं सांगितलं. चाक, हजार, वही, सगळं. सांगता सांगता मी ओरडायलाच लागले, माझा आवाज तुला माहीत आहे. म्हणाले, तो फोटो त्याचा नाहीच वहिनी, ते पडणारं हेलिकॉप्टर आहे, मी फसवलं त्याला आणि तो तसाच गेला.

वहिनींनी स्वेटरची बाही नीट आत दुमडली. म्हणाल्या, "माहीत होतं ह्यांना."

"काय?"

"त्याच संध्याकाळी कळलं. फोटोबरोबर सगळे आकडे असतात ना आत लिहिलेले, कॉम्प्युटरवर दिसतात. मला बोलावून दाखवलं. म्हणाले, हे बघ, एक हजार. आपल्या निमीची करामत."

 चौतीस वर्षं आकड्यांवर पोट भरलेली बाई मी, आणि फोटो स्वतःचा आकडा स्वतःजवळ ठेवतो हे मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मी विचारलंही नव्हतं.

"रागावला?"

"रागावले? लग्नानंतर एवढे कधी बघितले नव्हते मी. ताट सारलं. म्हणाले, माझा हात गेला हे तिनं मला आकड्यात लिहून दाखवलं. मी म्हटलं, फोन लावून देते, बोला तिला, मोकळे व्हा. तर नाही म्हणाले."

"का पण? मला का नाही बोलला?"

वहिनींनी स्वेटर बाकीच्यांवर ठेवला. "म्हणाले, मी रागावलो तर ती उठून जाईल. तापट आहे, सात-आठ महिने तोंड दाखवायची नाही. आणि माझ्याकडे आता महिने मोजके आहेत. ती नसली, तर मी 'बघ' कुणाला म्हणू?"

दादा, तू ड्राफ्ट्समन, हिशेब तुझा बरोबर होता. दीड वर्ष मिळालं त्यानंतर. मी उठून गेलेच असते. दार आपटून गेले असते, म्हणाले असते, तुझ्यासाठी केलं आणि वर मलाच बोलतोस, आणि दिवाळी, संक्रांत, होळी सगळं तसंच गेलं असतं. त्या दीड वर्षातलं निम्मं मी माझ्या नाकावरच्या रागात घालवलं असतं. तू ते ओळखलंस आणि एवढा मोठा अपमान गिळून दुसऱ्या दिवशी मला फोन केलास. खोटंही तू बोलला नाहीस. साफ आलाय, म्हणालास, पाचही पाती मोजता येतात. चांगला आलाय असं म्हणाला नाहीस. आणि साडेसहाला दारात उभा राहिलास, गळ्यात कॅमेरा घालून, माझ्यावर चिडलेला, माझ्याच स्कूटीवर मागे बसायला. दीड वर्ष! मी आकाशात इतकी वर्षं मान वर करून काय काय अचाट बघितलं, आणि तू माझ्या पाठीमागे बसला होतास.

वहिनींनी विचारलं, मग कुठला फोटो लावू? मी म्हटलं, एकशे पंचवीसवरचा कुठलाही. त्यांनी डोळे मिटून कॉम्प्युटरवरच्या फोटोंच्या यादीवर बोट ठेवलं. सगळं हललेलं आहे त्यात, ढगसुद्धा. आतेभावानं विचारलं, हे काय आहे? मी म्हटलं, हेलिकॉप्टर आहे, उडतंय.

पण माझं एक राहिलंच. तो राग माझा होता, दादा. मी केलं त्याचा होता, मला मिळायला हवा होता, आणि तू तो दिलाच नाहीस. दुपारपासून मी तुझ्या खोलीत तुझ्या खुर्चीसमोर खाली बसून आहे. वहिनी दोनदा जेवायला बोलावून गेल्या. बोल आता. रागाव, हवं तेवढं रागाव. मी उठून जाणार नाही.